फुकट्या

गल्लीत तिला नावानं कोणी हाक मारत नसे. लिफ्टवाल्याची बायको, एवढीच तिची ओळख. लिफ्टवाला नाहीसा होऊन वर्ष होत आलं तरी ती ओळख काही सुटली नव्हती. ती सांगताना लोकांचा आवाज आता जरा खाली यायचा, एवढाच काय तो फरक. धडधाकट माणूस, हातात कसब, एके सकाळी पान्ह्यांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडतो आणि परत येत नाही, याचा अर्थ गल्लीनं आपल्यापुरता केव्हाच लावून टाकला होता. असेल कोणीतरी दुसरी. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

तो कामाला होता त्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत त्यानं त्या दिवशी रजा टाकली होती. म्हणजे कुठलंतरी खासगी काम घेतलं असणार. पण कुठलं, ते त्यानं घरी सांगितलं नव्हतं, आणि शोधणाऱ्यांनाही ते कळलं नाही. बायको ना धड रडू शकत होती, ना धड चिडू शकत होती. म्हातारी सासू मात्र एकाच वाक्यावर ठाम होती. "येईल गं. उशीर झालाय, इतकंच." आणि खिडकीशी खुर्ची ओढून ती रस्त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस निरखत बसायची. नजर तिची अजून घारीसारखी होती. समोरच्या छपरावरची मांजर गाभण आहे की नुसती लठ्ठ, हे ती बसल्या जागेवरून सांगायची.

घर चालायचं ते सुनेच्या नोकरीवर. विक्रीला निघालेल्या इमारतींची किंमत ठरवून देणाऱ्या एका कचेरीत ती होती. मोजमाप घ्यायचे ते कचेरीतले काका. तिनं फोटो काढायचे आणि सांगतील ते टिपायचं. काका निवृत्तीला आलेले, अंगानं गोल, आणि तोंडानं अखंड चालू. पडक्या घरात शिरतानासुद्धा "कोणी आहे का घरात? चहा टाका!" असं ओरडल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे.

त्या दिवशी दुपारी जेवणं उरकून दोघं कालव्यापलीकडच्या बंद रुग्णालयात गेली. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही. उजेड राखेसारखा. फाटकाला वर्षभर नुसतं कुलूप होतं, पहारेकरी नवीनच लागला होता. त्यानं कुलूप काढून दिलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला.

"आत नाही येत?" काकांनी विचारलं.

"वीज कापलेली आहे साहेब. आणि मला जिन्यांचा त्रास आहे."

"अहो, तळमजल्याला कुठला आलाय जिना?"

पहारेकरी हसला नाही. "मला त्रास आहे," एवढंच पुन्हा म्हणाला.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. औषधांचा वास कधीच मरून गेला होता. मागे उरला होता ओलसर चुन्याचा, जुन्या रबराचा आणि आणखी कसला तरी गोडसर, कोरडा वास. भिंतींना जिथं खाटा टेकलेल्या असत तिथं फिकट चौकोन उमटले होते. दिवाणखान्याएवढी मोठी खोली, तिच्या एका बाजूला नावनोंदणीचा लाकडी कट्टा, आणि कट्ट्यामागच्या भिंतीला लागूनच लिफ्टचं दार. दार बंद. त्याच्या फटीत धूळ इतकी घट्ट बसली होती की लिंपून घेतल्यासारखी वाटत होती.

तिनं लिफ्टकडे पाहिलं आणि नजर वळवली. वर्षभर ती कुठल्याच लिफ्टकडे धड बघत नव्हती.

काकांनी कट्ट्यावरची धूळ फुंकून लॅपटॉप उघडला. "पोरी, तुझं इंटरनेट दे बघू जरा. माझ्या फोनला इथं एक काडी नाही."

तिच्या फोनला होती, खिडकीच्या बाजूनं येणारी, अशक्त. तिनं हॉटस्पॉट चालू केलं. किती दिवसांनी! घरी पूर्वी ते दिवसभर चालूच असायचं. नवऱ्यानं स्वतःच्या फोनवर इंटरनेटचा पैसा कधी टाकला नाही. "घरात एक विहीर असताना दुसरी कशाला खणायची?" असं म्हणायचा आणि आल्या आल्या चपला काढायच्या आधी ओरडायचा, "हॉटस्पॉट चालू कर गं!" तिनं वैतागून एकदा त्याच्या फोनचं नावच बदलून टाकलं होतं. फुकट्या. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं ते तसंच ठेवलं.

"लागलं," काका म्हणाले. "पण हळू चाललंय. दुसरं कोणी ओढतंय का तुझ्याकडून?"

"इथं कोण असणार, काका?"

तिनं सहज पडद्यावर बघितलं. जोडलेली उपकरणं, असं लिहिलं होतं, आणि खाली दोन नावं होती. एक काकांच्या लॅपटॉपचं. आणि त्याखाली...

फुकट्या.

तिला वाटलं, जुनं नाव कुठंतरी राहून गेलं असेल. तिनं हॉटस्पॉट बंद केलं. पुन्हा चालू केलं. पडदा रिकामा. मग काकांचा लॅपटॉप आला. आणि मग, कोणी दम घेऊन पायरी चढावं तसं सावकाश, दुसरं नाव आलं.

"काका," पडद्यावरून नजर न हटवता तिनं विचारलं. "काका, हे किती लांबून जोडलं जातं?"

"लांबून कसलं? ती काय आकाशवाणी आहे? दोन भिंतींपलीकडे गेलं की संपलं." त्यांनी मान वर केली आणि तिचा चेहरा बघून थांबले. "काय गं? काय झालं?"

तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. तो थरथरत होता, पण तिच्या हातामुळे नव्हे. संदेश येत होते. एकामागून एक, बांध फुटावा तसे. सगळे नवऱ्याच्या नंबरवरून. सगळ्यांवर तारीख गेल्या वर्षीची, तो घरातून निघाला त्या दिवसाची आणि त्यानंतरची.

*अगं लिफ्ट अडकलीये. कालव्यापलीकडचं बंद हॉस्पिटल. गेटवाल्याला कोणीतरी सांगा.*

*रेंज नाही वाटतं. मिळेल तेव्हा जाईल हा.*

*लाईट गेली. ओरडून घसा बसला.*

*आईला सांग उशीर होईल. जेवायला थांबू नको म्हणावं.*

*दार हाताने सरकेना. पिशवी वर मशीनच्या खोलीत राहिली.*

*चार्जिंग वाचवतोय. बंद करून ठेवतो. मधेमधे लावीन.*

*पाणी असतं तर बरं*

*आई जेवली का*

*तुझं हॉटस्पॉट दिसल्यासारखं झालं मगाशी. नव्हतं.*

आणि शेवटी, नुसतं एक अक्षर. *अ*

काका भिंतीला हात टेकून उभे होते. वर्षभर तो इथं होता. बस जिथं वळते तिथून ही इमारत दिसायची. रोज कामाला जाताना ती खिडकीतून बघायची. कोणी दुसरी नव्हती. कोणी कधीच नव्हती.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी तारीख आजची होती.

*आलीस?*

तिनं किंचाळून लिफ्टच्या दाराकडे धाव घेतली. मुठींनी दार बडवलं. "अरे! ऐकतोयस का? मी आहे! मी आलेय!" बंद इमारतीत तिचा आवाज वरच्या मजल्यांपर्यंत गेला आणि कोणीतरी वरून हळूहळू उतरावं तसा परत आला. दाराआडून काही नाही. श्वास नाही, खरखर नाही. तिनं लोखंडाला कान लावला. थंड.

हातातला फोन थरथरला.

*ऐकू येतंय. मोठ्याने नको.*

"काका, जिवंत आहे! जिवंत आहे तो!"

"पोरी..." काका म्हणाले. "वर्ष झालं, पोरी..." पण तोवर त्यांनी स्वतःचा फोन घेऊन फाटकाकडे धाव घेतली होती, आणि बाहेरून त्यांचा आवाज येत होता, अग्निशामक दलाला पत्ता सांगणारा, मध्येच फाटणारा.

ती लिफ्टच्या दाराशी खाली बसली. उजेड कमी होत चालला होता. तिनं लिहिलं, *तू कसा आहेस? घाबरू नकोस. माणसं येतायत.* ताबडतोब उत्तर आलं.

*बंद करू नकोस.*

*काय बंद करू नको?*

*हॉटस्पॉट. बंद केलंस की इथं काही दिसत नाही.*

फोनच्या कोपऱ्यातली बॅटरी लाल झाली होती. तिनं फोन चार्ज व्हायला तारेनं काकांच्या चालू लॅपटॉपला जोडला आणि तो दोन्ही हातांत धरून बसली, आजारी मुलाचं डोकं धरावं तसा.

माणसं आली. पहारी लावल्या, दाराचा पत्रा कुरकुरत वाकला. डबा तळमजल्याच्या खाली, तळघराकडे अर्धा उतरलेला होता. वरच्या फटीतून त्यांच्यातला एक जण टॉर्च घेऊन आत वाकला. वाकलेला तसाच राहिला. मग मागे सरला, डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"तो बोलतोय माझ्याशी. आत्ता बोलला. हे बघा, हे बघा ना..."

त्यानं पडद्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. त्याचा आवाज अगदी हळू झाला. "ताई... आत जे आहे, ते बरंच जुनं आहे."

फोन थरथरला. काका जवळच उभे होते. त्यांनीही ते वाचलं.

*कोण आलंय?*

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलीस आले, पंचनामा झाला. तिनं त्याला ओळखलं ते शर्टावरून आणि करंगळीच्या, कधीकाळी मोडून वाकडं जुळलेल्या हाडावरून. फोन त्याच्या छातीशी, दोन्ही हातांच्या हाडांमध्ये सापडला. बॅटरी फुगून पाठ फुटली होती. तपासणाऱ्यानं तो पारदर्शक पिशवीत घातला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "यात जीव नाही हो. वर्षभर तरी हा चालू झालेला नाही." ते संदेश मग आले कुठून? प्रश्न कागदावर आला नाही, म्हणून उत्तरही लागलं नाही.

गल्ली मात्र एका दिवसात बदलली. ज्या बायकांनी वर्षभर तिच्या पाठीमागे कुजबुज केली होती त्या डबे घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहून रडल्या. तिला त्यांचा रागही आला नाही. राग यायला आत काहीतरी शिल्लक लागतं.

सासूला तिनंच सांगितलं. म्हातारीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सापडला ना? मग येईल आता. वाट मोकळी झाली."

"आई, तो गेला. मी सांगितलं ना तुम्हाला..."

"कळलं गं मला. गेलेलं माणूससुद्धा एकदा घरी येऊन जातं. त्यातून तो. मला न सांगता तो कुठं जायचा नाही." आणि तिनं खुर्ची खिडकीपासून उचलून दाराकडे तोंड करून ठेवली.

काकांनी कचेरीत तिला एकदाच बाजूला घेतलं. ते फार वाळले होते, आणि विनोद करणं त्यांनी सोडून दिलं होतं. "पोरी, ते परत चालू केलं नाहीस ना?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"करू नकोस. त्यानं शेवटचं जे लिहिलं ते मी वाचलंय. ते तुझ्यापाशी राहू दे. त्याच्यानंतरचं..." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच्यानंतरचं मला आवडलं नाही."

पण ती खोटं बोलली होती. अंत्यविधी उरकून घरी आल्यावर, पाहुणेरावळे गेल्यावर, रिकाम्या स्वयंपाकघरात तिनं हॉटस्पॉट चालू केलं होतं. पिशवीत बंद असलेला फोन शहराच्या दुसऱ्या टोकाला, पोलीस ठाण्यातल्या कपाटात होता. दोन भिंतींपलीकडे जे पोचत नाही ते तिथून कसं पोचणार? तिनं नुसतंच चालू केलं. माणूस रिकाम्या विहिरीतसुद्धा एकदा वाकून बघतो.

नाव आलं. फुकट्या.

त्या दिवसापासून तिचा फोन कायम भिंतीतल्या चार्जरला लागलेला असे, कामावर जातानाही ती तो घरीच ठेवायची. हॉटस्पॉट बंद करायचं म्हटलं की तेच वाक्य समोर यायचं. *बंद केलंस की इथं काही दिसत नाही.* वर्षभर जो अंधारात बसला त्याला पुन्हा आपल्या हातानं अंधारात कसं ढकलायचं? ती कामावरून आली की लिहायची. दिवसभरात काय झालं ते सांगायची. तो थोडकं बोलायचा. *हं. सांग. अजून सांग.* घरात कोण कोण असतं, दार कुठल्या बाजूला आहे, झोपायची खोली कुठली, असलंही विचारायचा. तिला वाटायचं, विसरला असेल बिचारा. अंधारात माणूस काय काय विसरेल. आई जेवली का, हे मात्र त्यानं पुन्हा एकदाही विचारलं नाही.

एका संध्याकाळी संदेश आला.

*इथं बाकीच्यांनाही हवंय. पासवर्ड देऊ का त्यांना?*

तिच्या हातातली वाटी खाली पडली. बाकीचे कोण? ते रुग्णालय बंद व्हायच्या आधी किती वर्षं चालू होतं, तिथून किती माणसं पायी बाहेर पडली आणि किती जणांना उचलून न्यावं लागलं, हे तिनं कधी मनातही आणलं नव्हतं. तिनं लिहिलं, *नको. कोणाला देऊ नकोस. फक्त तू.*

उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जोडलेल्या उपकरणांत फुकट्याच्या खाली आणखी एक ओळ होती. तिला नाव नव्हतं. मग आणखी एक आली. कामावरून परतेपर्यंत पडदा भरून गेला होता, आणि फोन तव्यासारखा तापला होता.

तिनं हॉटस्पॉट बंद केलं. ते आपोआप चालू झालं. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू. अखेरीस तिला एकच सुचलं. पासवर्ड बदलायचा. नवरा-बायकोचा जुना शब्द पुसायचा आणि कोणाच्या स्वप्नातही येणार नाही असं काहीतरी घालायचं. सगळ्यांनाच बाहेर काढायचं. त्यालाही.

तिन्हीसांजेची वेळ होती. सासू दाराकडे तोंड करून आपल्या खुर्चीत, आणि ती तिच्या समोर, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसलेली. रडत रडत तिनं जुना शब्द पुसला. नवा घातला. अर्थ नसलेली अक्षरं, मध्ये आकडे, जसं बोट पडेल तसं. तिलाही तो पुन्हा आठवला नसता.

यादी रिकामी झाली. एक एक ओळ विझत गेली. फोन गार पडला. तिनं डोळे मिटून श्वास सोडला. घरात इतकं शांत तिला किती दिवसांत वाटलं नव्हतं...

फोन थरथरला.

फुकट्या. आणि त्याखाली, एकापाठोपाठ एक, सगळ्या बिननावी ओळी.

तिनं कसंबसं लिहिलं, *नवा पासवर्ड तुला कोणी सांगितला?*

*सांगायला कशाला हवा? टाइप करत होतीस तेव्हा आम्ही सगळे तुझ्या मागेच उभे होतो.*

तिनं मागे वळून बघितलं नाही. मान वळेचना. तिनं फक्त समोर, सासूच्या चेहऱ्याकडे बघितलं.

म्हातारी खुर्चीत पुढे वाकली होती. तिच्या सुनेच्या डोक्यावरून ती दाराकडे बघत होती, आणि तिची नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या जागी सरकत होती, एकेक चेहरा नीट बघून पुढे जावं तशी. ती शेवटापर्यंत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

अखेर तिनं सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता.

"इतकी माणसं आली गं," ती हळूच म्हणाली, "पण आपला नाही दिसत यांच्यात."